निदानाचे मोल

जुनी गाडी बिघडली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कोणता पार्ट बदलायचा?” बिघडले आहे काय, हा प्रश्न नंतर येतो, पुष्कळदा येतही नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याचे पुष्कळसे पैसे या उलट्या क्रमापायी जातात, आणि त्याला गॅरेजवाल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आपण गिऱ्हाइके जबाबदार आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कला शाखेच्या वार्षिकात इंजिनाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तर्कशास्त्रावरील १८४३ सालच्या ग्रंथात सांगितलेली व्यतिरेक पद्धती आपल्याच अभ्यासक्रमातली ना? दोन प्रसंग बाकी सर्व बाबतींत सारखे असून एकाच गोष्टीत भिन्न असतील, आणि परिणाम एकात दिसून दुसऱ्यात दिसत नसेल, तर ती गोष्ट त्या परिणामाचे कारण किंवा कारणाचा अंश होय. ही व्याख्या आपण परीक्षेत उतरवून विसरून जातो. चांगला मिस्त्री मात्र तिच्यावर पोट भरतो.

उदाहरण घेऊ. मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तीन सिलिंडरचे इंजिन. जुन्या गाड्या कार्बुरेटरच्या. अशी एक गाडी दोन पावसाळे गोठ्यामागे उभी होती आणि एका गरजू माणसाने ती स्वस्तात घेतली, असे समजा. त्याच्या आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. गाडी सुरू होते, पण मिसिंग करते आणि चढावर दम सोडते. भोवती जमलेल्यांचे निदान तयारच असते : कार्बुरेटर बदला. त्याने भागले नाही तर कॉइल; तेवढ्यानेही भागले नाही तर “इंजिन काम काढावे लागेल.” इथवर येईतो गाडीच्या किमतीएवढे पैसे तिच्यात गेलेले असतात आणि आई एस.टी.च्या गर्दीतच प्रवास करीत असते.

वास्तविक पेट्रोल इंजिनाच्या मुख्य गरजा तीन : पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब. पडून राहिलेल्या गाडीची खरी अडचण अशी की, या तिन्ही बाबतींत एकाच वेळी खोट असू शकते. शिवाय तिचे पूर्ववृत्त सांगायला कोणी नसते. विकणाऱ्याला तर ते सांगायचेच नसते. टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते आणि त्यात मिसळलेल्या इथेनॉलने हवेतला ओलावा ओढून घेतलेला असतो. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. बॅटरी उतरलेली असते. टायमिंगचा पट्टा रबराचा. तो गाडी न चालताही म्हातारा होतो. म्हणून आधी ही साधी कामे उरकावीत : पेट्रोल बदलावे, ऑइल व फिल्टर बदलावेत, पट्टा पाहावा, बॅटरी चार्ज करावी. चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या थोडी वर आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दाखवते. एवढे झाल्यावरही बिघाड उरला, तरच तो शोधायला लागावे.

आता व्यतिरेक पद्धती पाहा. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढतो आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरतो. पहिल्या दोन वायरींना इंजिन लटपटते. तिसरीला काहीच फरक पडत नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता. मग इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घालायचा. दोष प्लगबरोबर पहिल्यात गेला, तर प्लग खराब. दोष जागीच राहिला, तर वायरीची अशीच परीक्षा. एका वेळी बदल मात्र एकच; दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

ठिणगी ठीक असेल तर दाब मोजायचा. आकडा गाडीगणिक वेगळा, पण सिलिंडरा-सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असू नये. एकाचा दाब कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न चढला तर वॉल्व्ह किंवा हेडच्या गॅसकेटकडे बघायचे. चमचाभर ऑइलने इंजिन न खोलता एवढे कळते!

मग सगळेच मिस्त्री असे का करीत नाहीत? कारण या कामाचे पैसे आपण देत नाही. “नुसते बघायचे कसले पैसे?” हे वाक्य ज्याने कानांनी ऐकले नाही असा गॅरेजवाला विरळा. पार्टची किंमत आपल्याला मान्य, तो बसवण्याची मजुरी मान्य. परंतु कोणता पार्ट बदलायचा नाही हे शोधण्यात गेलेली दुपार आपल्या हिशेबी फुकट. मग मिस्त्रीने पार्ट विकण्याकडे वळावे, यात नवल ते काय? तपासणारा उपाशी राहतो आणि बदलणारा जगतो, ही व्यवस्था आपणच केलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, आता गाड्यांना संगणक आले, स्कॅनर लावला की रोग कळतो. हेही अर्धसत्य. स्कॅनर ‘पी ०३०१’ असा संकेत दाखवतो. त्याचा अर्थ पहिला सिलिंडर मिसिंग करतो, इतकाच. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की दाबाचा, हे माणसालाच शोधावे लागते. यंत्र साक्ष देते. निवाडा तर्कानेच करायचा असतो. अनुभवी मिस्त्रीचा अंदाजही मी कमी लेखत नाही. पण अंदाज पडताळून पाहिल्याशिवाय त्यावर दुसऱ्याचे पैसे लावू नयेत.

तेव्हा मित्रहो, गॅरेजात जाल तेव्हा एवढे म्हणून पाहा : “आधी तपासा. तपासणीची मजुरी वेगळी देतो. काय खराब आहे आणि ते कसे ठरवले, तेवढे मला दाखवा.” आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती : व्यतिरेक पद्धती शिकवायची वेळ येईल तेव्हा एक तास एखाद्या गॅरेजात घ्यावा, आणि त्या तासाचे मानधन मिस्त्रीला द्यावे.