काळं केलं म्हणजे झाकलं नव्हे

परवा आमच्या भागातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर एका योजनेच्या लाभार्थ्यांचे कागद पडले. आधार कार्डं, पासबुकं, सगळ्यांचे फोटो. टाकणाऱ्याने आपल्या परीने काळजी घेतलेली, फोनमधल्या मार्करने आकड्यांवर काळी रेघ ओढली होती. शेजारच्या काकूंचंही कार्ड त्यात होतं. मी चिडलो तर म्हणाल्या, "काळं केलंय की त्यांनी, कशाला ओरडतोस?"

म्हटलं, काकू, पाच मिनिटं बसा. त्यांना विचारूनच तो फोटो लॅपटॉपवर घेतला.

फोटो म्हणजे शेवटी ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, 0 ते 255 मधले. पायथनमध्ये पिलो नावाची फुकट लायब्ररी आहे. तिच्यातल्या 'गेटपिक्सेल'ने ठिपका वाचता येतो, 'पुटपिक्सेल'ने बदलता येतो. त्या काळ्या रेघेत कोऱ्या कागदाच्या जागी 24 च्या आसपास आकडे निघाले, छपाईच्या जागी 3-4. डोळ्याला दोन्ही काळंच. पण तो मार्कर हायलायटरसारखा होता, किंचित पारदर्शक. मी प्रत्येक आकड्याला 10 ने गुणलं. चार ओळींचं काम. कागद उजळला आणि आधारचे बाराच्या बारा आकडे वर आले.

काकू गप्प. मग हळूच, "आणि पासबुकाचं?"

तेही दिसलं.

कोणी म्हणेल, मग चौकडी करून धूसर करा. आकड्यांना तेही नको. अंक दहाच, छपाई ठरलेली. एकेक अंक तसाच धूसर करून ताडून बघितला की अंदाज लागतो. 2007 साली एका गुन्हेगाराचा भोवऱ्यासारखा पिळलेला चेहरा सरळ केला गेला, इंटरपोलने तो जगभर दाखवला आणि तो गुन्हेगार थायलंडमध्ये सापडला. तिथे भलं झालं. पण पिळलेलं उलगडता येतं, हे लक्षात ठेवा.

झाकायचं तर ठिपक्याचा मूळ आकडाच पुसला पाहिजे. त्या चौकोनातला प्रत्येक ठिपका 0, 0, 0 करायचा आणि नवी फाईल पाठवायची. फोनवरही जमतं, फक्त चौकोन भरीव हवा, हायलायटर नको.

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही. राग आहे तो कागद ग्रुपवर टाकायला सांगणाऱ्यांवर. यादीच लावायची होती ना? नाव आणि अर्ज क्रमांक पुरला असता. शेवटचे 4 आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार सरकारनेच दिलंय, मग पूर्ण कार्ड मागता कशाला?

मी त्या पोराला फोन केला. बिचाऱ्याने लगेच सगळं डिलीट केलं. पण ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात, त्यांच्यापैकी काहींच्या गॅलरीत ते राहिलेच. काकूंच्या नातवाच्या फोनमध्ये काल रात्रीपर्यंत होते.