आजीच्या माहेरापासून सुरुवात करा

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला मराठी माणूस बहुधा आडनावाचे बोट धरतो. मूळ गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र विचारून झाले की वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी एकच वाट मागे मागे जाते. या वाटेवर साधने आहेतही: काही घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांनी जपलेल्या वंशावळी. पण हिशेब मांडून पाहा. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, असे दुपटीने मागे गेले तर दहाव्या पिढीत पूर्वजांच्या 1024 जागा होतात. नात्यात लग्ने झाल्याने त्यांतली काही माणसे पुन्हा पुन्हा येतील, तरी आडनावाची वाट त्या गर्दीतल्या एकाच पुरुषापाशी पोचवते. नवशिक्याने शोध आजीच्या माहेरापासून सुरू करावा, असे मी म्हणतो ते यासाठी. आजीला मान द्यावा एवढाच त्यामागचा विचार नाही. माहेरची बाजू वगळून काढलेली वंशावळ अपुरी तर असतेच, शिवाय ती पडताळूनही पाहता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बायकांची नावे दप्तरात सापडतात कुठे? सापडतात, फक्त आपण ती तिथे शोधत नाही. सातबाऱ्यावरून जुन्या फेरफारांकडे वळा. अनेक तालुक्यांचे स्कॅन केलेले फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. खातेदार मुलगे लहान ठेवून वारला असेल तर मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहून तिचे नाव येते, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या वारसांत मुलींची नावे लागू लागली आणि पुष्कळ घरांत त्यापाठोपाठ बहिणींची हक्कसोडपत्रेही झाली. बाईचे नाव कागदावर यावे आणि ते हक्क सोडण्यासाठी यावे, हे क्लेशदायक आहे. पण वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद क्वचितच मिळेल. वडिलांचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे गाव, वय आणि सगळी भावंडे त्यात एकाच ठिकाणी असतात. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची आपल्याकडची रीत शोधाला फार नडते. अशा वेळी ‘ऊर्फ’ लिहून जोडलेली दोन नावे याच कागदात हाती लागतात.

ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती, त्यांनी काय करावे, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. जमिनीच्या कागदांवर उभा केलेला इतिहास जमीनवाल्यांचाच होतो. म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर आणि जन्ममृत्यूची कोतवाल बुके यांना मी फेरफारांइतकेच महत्त्व देतो, कारण त्यांत भूमिहीनही येतात. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आई आणि बाप दोघेही मिळतात. कागदाआधी मात्र जिवंत माणसे. घरातली सर्वांत वृद्ध आत्या किंवा मावशी माहेर आणि सासर अशा दोन घरांची माहिती बाळगून असते. तिला जन्मसाल विचारू नका, प्रसंग विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता’ या एका वाक्यातून साल निघते. कोणी सांगितले आणि कधी सांगितले, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. आपले मूळ अमुक राजघराण्यात आहे, असे कोणी सांगितले तर तेही लिहून घ्या, पण दावा म्हणून. कागद सापडेपर्यंत ते वंशावळीत चढवू नका.

जातपडताळणीला वडिलांकडचेच रक्तनाते लागते, मग आईच्या बाजूचा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. समितीपुढे जे सिद्ध करायचे ते जरूर करावे. अनेक मुलांचे शिक्षण त्यावर अवलंबून असते. पण तो एका दाव्याचा पुरावा झाला. घराण्याचा इतिहास त्याहून मोठा असतो. परंपरेची साक्ष काढणाऱ्यांनी महालयाचा विधी आठवावा. त्यात आई, आजी, पणजी येतात आणि आईच्या बाजूच्या तीन पिढ्यांचीही नावे घ्यावी लागतात. ती येत नाहीत म्हणून भटजींपुढे अडखळणारी घरे कमी नाहीत.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव वडिलांच्या आधी येऊ लागले आहे. त्याआधीच्या पिढ्यांसाठी सरकारला आणखी एक काम करता येईल. 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने तहसील कचेऱ्यांतली मोडी कागदपत्रे बाहेर निघाली आणि जाणकारांकडून वाचून घेतली गेली. शोध होता तो कुणबी या एका नोंदीचा. तीच पाने पुन्हा बासनात जाण्याआधी त्यांतल्या सर्व माणसांची, बायकांसह, देवनागरीत गाववार सूची करावी आणि ती तहसीलमध्ये कोणालाही पाहता यावी.