मूड ऑफ म्हणजे नक्की काय?

मालेगावला फोन केला की भाचा म्हणतो, "मामा, मूड ऑफ आहे." अरे, पण राग आलाय, कंटाळा आलाय, की रुसलायस? म्हणे भाषा बदलते. बदलू दे की! पण सगळ्या भावनांवर एकच झाकण कशाला?

आपल्याकडे राग 'येतो', म्हणजे जातोही. आजीच्या अहिराणीतही 'माले राग उना'च. सध्या स्पॅनिश शिकतोय. तिथेही 'आत्ता उदास आहे' म्हणताना 'सेर' नव्हे, 'एस्तार' क्रियापद लागतं. म्हणजे ही अवस्था आहे, स्वभाव नव्हे.

परवा खोदून विचारलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, बारावीची भीती वाटते." मग तासभर बोललो. 'मूड ऑफ'वर काय बोलणार, कप्पाळ?