चालत जाता येईल असं दुकान

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी टेक्सासमधल्या प्लेनोला येतात. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि हे दोघं घरात. गाडी चालवता येत नाही. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

अशा वेळी बाबांना कुणालाही न विचारता, आपल्या पायांनी जाता येईल अशी बहुधा एकच जागा असते: चौकातलं इंडियन ग्रोसरीचं दुकान. कोथिंबिरीची जुडी घ्यायची, काउंटरवरच्या काकांशी हिंदीत चार शब्द बोलायचे, गावाकडचा कुणी भेटतो का बघायचं आणि परत यायचं. त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळाच असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ही दुकानं आज अडचणीत आहेत. आपल्याला ते चटकन कळत नाही, कारण एक बंद झालं तरी गाडीने दहा मिनिटांवर दुसरं, मोठं दुकान असतंच. पण बाबांसाठी ते दहा मिनिटांवर नसतं. त्यांच्यासाठी ते नसतंच.

प्लेनोची रचनाच अशी आहे. 1960 साली इथे 3,695 माणसं होती. 2020 च्या जनगणनेत 2,85,494. मधल्या काळात वाढलेलं हे गाव मोटारीच्या हिशेबाने आखलं गेलं. कस्टर, इंडिपेंडन्स, कोइट हे उभे रस्ते, पार्कर, स्प्रिंग क्रीक, लेगसी हे आडवे. साधारण मैलामैलावर मोठे चौक आणि चौकांच्या कोपऱ्यांवर दुकानांच्या रांगा. आपल्याकडच्या वाण्यासारखं गल्लीच्या तोंडाशी दुकान इथे नाहीच. जे आहे ते या कोपऱ्यांवर. शहराच्या 2021 च्या विकास आराखड्यात त्यांना ‘नेबरहूड कॉर्नर्स’ असं स्वतंत्र नावही आहे.

कोपऱ्यावरचा दुकानदार नुसतं भाडं भरत नाही. इमारतीचा मालमत्ता कर, विमा, देखभाल यांतला वाटाही बहुतेक वेळा त्याच्याच माथी असतो. कर वाढला की करार न बदलताही त्याचं भाडं वाढतं. त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये बहुतेक भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं होतं. मोठ्या साखळीला असा धक्का पाचशे वस्तूंवर पसरवता येतो. ज्याचं अर्धं दुकान डाळी, पिठं आणि मसाल्यांचं, तो कुठे पसरवणार?

आणि 1 सप्टेंबर 2025 पासून टेक्सासचा नवा कायदा, सिनेट बिल 840, लागू झालाय. प्लेनोसारख्या मोठ्या शहरांत व्यापारी जागेवर आता झोन न बदलता अपार्टमेंट बांधता येतात. घरं हवीतच, भाड्याला कंटाळलेली आपलीच तरुण मुलं त्यांत राहायला येतील. पण झोन बदलायचाच नसल्यामुळे त्यासाठीची जाहीर सुनावणीही नाही. दुकानांची रांग पाडायचं ठरलं, तर आपल्याला कळेल तेव्हा कुंपण लागलेलं असेल.

अशा दुकानाचं मोल कळायला जुलै 2023 आठवा. भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि अमेरिकाभर भारतीय दुकानांसमोर रांगा लागल्या. कित्येक दुकानांनी घरामागे एकच पिशवी असा नियम केला. सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून. घर म्हणजे कुणाचं घर, हे ओळखणारा माणूस काउंटरवर होता म्हणून ते जमलं.

शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी 1961 साली लिहिलेल्या पुस्तकात न्यूयॉर्कमधली माणसं घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जातात, असं वर्णन आहे. पुण्या-मुंबईत आपणही वाण्याकडे किल्ली ठेवलीच आहे. इथे किल्ली नसेल ठेवत, पण पोळी-भाजीचा डबा, तबल्याची शिकवणी, भाड्याची खोली यांच्या चिठ्ठ्या दुकानाच्या भिंतीवर लागतात. नवीन आलेल्या मुलीला पहिला डबा त्या भिंतीनेच मिळवून दिलेला असतो.

मग आपण काय करायचं? सगळी खरेदी तिथेच करा, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच परवडणार नाही. पण दर आठवड्याची भाजी, डाळ आणि पीठ एवढं तरी तिथून घेऊया. पैसे शक्यतो रोख किंवा डेबिट कार्डाने देऊया. किराण्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे दुकानदाराला साधारण दोन-तीन डॉलर सुटतात, आणि क्रेडिट कार्डाच्या शुल्कात जवळपास तेवढेच जातात.

गणपतीत मोदकाची पिठी, दिवाळीआधी चकलीची भाजणी हवी असेल, तर महिनाभर आधी सांगून ठेवूया. पक्की मागणी हातात असली की छोटा दुकानदारही धीराने माल मागवतो. डॅलस-फोर्टवर्थ महाराष्ट्र मंडळाने आणि मराठी शाळांनी आपल्या कार्यक्रमांचं सामान आलटूनपालटून वेगवेगळ्या कोपऱ्यांवरून घेतलं, तर त्या दुकानांचा एकेक महिना सावरेल.

आणि शहराशीही बोलूया. नगर परिषद महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी सायंकाळी बसते. नागरिकांना तिथे बोलता येतं. नव्या इमारतींत तळमजल्यावर छोटी दुकानं राहावीत, त्यासाठी शहराने बिल्डरांना प्रोत्साहन द्यावं, एवढी साधी मागणी आहे. ती दहा घरांनी मिळून केली तर ऐकली जाईल. इथली माणसं ऐकून घेतात, हा माझा विश्वास आहे.

या शनिवारी आई-बाबांना घेऊन चालतच जा. दुकानदाराला त्याचा भाडेकरार कधी संपतो, ते विचारा. आणि ती तारीख शेजाऱ्यांनाही सांगा.