कागद आमचा, कुलूप त्यांचं

दोस्तहो, जातीचा दाखला मागायला जा. बाबू म्हणतो, 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा आण. माझा आजा तेव्हा दुसऱ्याच्या पऱ्हाटीत राबत होता. त्याच्यापाशी कुठचा कागद? कागद हाय तो सरकारच्याच दप्तरात. कोतवाल बुकात, शाळेच्या दाखल-खारीजात. मागणारंही सरकार, दाबून बसणारंही सरकार!

जिनातली रोजी पाडून मी एका कचेरीत 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, माहितीचा अर्ज दिला. "काऊन पायजे तुले?" 2005 च्या कायद्याचं कलम 6 सांगतं, कारण विचारता येत नाही. मग उत्तर आलं : 'अभिलेख आढळून येत नाही.' कलम 4 म्हणतं दप्तर सूची करून नीट लावून ठेवा. मग आढळत काऊन नाही? उंदरानं खाल्लं, का साहेबानं?

वरून 2012 साली महाराष्ट्र सरकारनं नियम केला : अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांच्या आत. दिल्लीच्या नियमात 500. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं नाही त्यांचेच शब्द मोजतात हे! त्यांचे दिवस कोण मोजतं? 30 दिवसांवर गेलं की रोजचा 250 रुपये दंड, 25,000 पर्यंत. आयोगानं लावला तर. आणि पहिलं अपील कोणाकडे? त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे.

तरी टाका. मी टाकलंय. पुढं अमरावतीला आयोगाचं खंडपीठ आहे, तिथंही जाईन. पोट्टेहो, तोंडी उत्तर घेऊ नका. शिक्क्याची पोच हातात पडल्याबिगर खिडकी सोडू नका.