अनुभव कोणाच्या नावावर?

चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे वेल्डिंग केलेला तरुण नव्या नोकरीचा अर्ज लिहून घ्यावयास आमच्याकडे आला होता. 'पूर्वीचा मालक' या रकान्यापाशी तो अडला. ज्या कारखान्याच्या दारातून तो रोज आत गेला त्याचे नाव लिहावे, तर चौकशीअंती 'असा कामगार आमच्या पटावर नाही' असे उत्तर येणार. ठेकेदाराचे लिहावे, तर ठेकेदार तीन झाले. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातही तिन्ही आस्थापनांची नोंद आहे. यंत्र तेच, पाळी तीच, फोरमनही तोच. बदलला तो पगारपत्रकावरचा मथळा. अर्ज वाचणारास मात्र हा मुलगा कोठे टिकत नाही, असेच वाटणार!

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही कौशल्याला 'मानवी भांडवल' म्हणून शिकवीत असू. ते भांडवल कामगाराचे खरे, पण त्याची पावती मालकाच्या तिजोरीत राहते, हे पाठ्यपुस्तकात नव्हते.

कायदा याबाबत मुका नव्हता. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत, काम संपताच ठेकेदाराने सेवेचा दाखला द्यावा असे स्पष्ट होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक श्रमसंहितेत अनुभवाचा दाखला आहे, परंतु तो 'मागणी केल्यास'. आणि कंत्राटी कामगारांविषयीचा तो भागच पन्नास वा अधिक कंत्राटी कामगारांच्या आस्थापनांना व तितके कामगार पुरविणाऱ्या ठेकेदारांना लागू आहे. ज्याचे पुढचे कंत्राट ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याने मागणी करावयाची म्हणजे काय, हे संहितेच्या कर्त्यांना ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही.

प्रश्न केवळ नव्या नोकरीचा नाही. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरविले. कंत्राट दिखाऊ होते हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे शाबीत झाले, तरच ते नाते मान्य होते. तेथे गेटपास, पाळीपत्रक, प्रशिक्षणाचा कागद यांनाच मोल; आणि काम सुटते त्या दिवशी गेटपास तेवढा न चुकता परत घेतला जातो.

त्या तरुणाच्या अर्जात आम्ही दोन्ही लिहिले: 'नेमणूक अमुक ठेकेदारांमार्फत, प्रत्यक्ष काम अमुक कारखान्यात, अमुक विभागात, सलग सहा वर्षे.' यात असत्य काहीच नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी हाच नमुना वापरावा, आणि दाखल्याची मागणी एकेका मुलाच्या सहीने न पाठविता संघटनेच्या पत्रावर, सर्वांच्या नावांची यादी जोडून, ठेकेदारास व कारखान्यास एकाच दिवशी द्यावी. गेटपासच्या छायाप्रती त्याआधीच काढून ठेवलेल्या असाव्यात.