शिकलेलें जमेस कां धरूं नये ?

लोणंदच्या बाजारांत कांदा तोलला जातो तेव्हां मापाडी वजन पुकारतो, तें कागदावर चढतें, आणि त्या कागदाच्या भरंवशावर माल दूरदूरच्या पेठांत जातो. तेथील व्यापारी वाटल्यास पुन्हा काटा लावतो. वाटेंत माल वाळून कांहीं घट आली असल्यास तेवढी वजा धरतो. परंतु हा माल आमच्या काट्यावर तोललेला नाहीं, सबब तो मुळीं मालच नव्हे, असें म्हणणारा व्यापारी आम्हांस अद्याप भेटला नाहीं. तसा कोणी निघालाच तर बाजारांतील हमालसुद्धां त्यास वेड्यांत काढतील. पण जी गोष्ट कांद्याच्या बाबतींत वेडेपणाची ठरते, तीच विद्येच्या बाबतींत आमच्या देशांत कित्येक वर्षें शहाणपणाची म्हणून चालत आली आहे. एका विद्यापीठांत दोन वर्षें शिकून, परीक्षा देऊन, उत्तीर्ण होऊन आलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या विद्यापीठानें पुन्हा पहिल्या पायरीवर उभें करावयाचें, हा तो शहाणपणा होय.

हा प्रश्न लोणंदकरांस इतरांहून अधिक जवळचा आहे. लोणंद सातारा जिल्ह्यांत, म्हणून येथील बहुतेक विद्यार्थ्यांचें विद्यापीठ कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ; गांवाच्या उत्तरेस थोडक्या अंतरावर नीरा नदी, आणि नदी ओलांडली कीं पुणें जिल्हा व पुण्याचें विद्यापीठ. लोणंदच्या सोयरिकी, उधाऱ्या, नोकऱ्या हीं सर्व मात्र नदीच्या दोन्ही कांठांवर पसरलेलीं आहेत. आषाढीच्या वारींत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदास मुक्कामाला येते, तेव्हां 'आळंदीपासून येथवर चाललास तें चालणें आमच्या जिल्ह्यांत धरावयाचें नाहीं' असें कोणा वारकऱ्यास कोणी सांगत नाहीं. आणि मौज अशी कीं, विद्येच्या बाबतींतही ही नदी सदासर्वकाळ सरहद्द नव्हती. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, त्यानंतर नव्वद वर्षांहून अधिक काळ दोन्ही कांठ त्या एकाच विद्यापीठाखालीं होते. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघालें तेव्हां दोन्ही कांठ त्याच्याकडे गेले. १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ झालें तेव्हां कोठें नीरा ही सरहद्द झाली. कोल्हापुरास स्वतंत्र विद्यापीठ झाल्यानें दक्षिण महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या मुलांचें जें कल्याण झालें तें आम्ही जाणतों, आणि तें विद्यापीठ नको होतें असें आमच्या तोंडीं कोणी घालूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कारभाराच्या सोयीसाठीं नकाशावर ओढलेली रेघ विद्यार्थ्याच्या डोक्यांतील विद्येवर ओढली जाऊं नये.

कांहीं दिवसांपूर्वीं एक व्यापारी गृहस्थ आपल्या लेकीचे कागद घेऊन आमच्याकडे आले होते. मुलीनें वाणिज्य शाखेचीं दोन वर्षें चांगल्या गुणांनीं पुरीं केलीं. मग लग्न झालें. सासर दुसऱ्या जिल्ह्यांत. सासऱ्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, सूनबाईनें शिक्षण पुरें करावें. (असे सासरे वाढत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे, व ज्यांच्या घरीं अद्याप तसे झाले नाहींत त्यांनीं हा मजकूर दोनदां वाचावा.) घरची अडचण अशी मुळींच नव्हती, अडचण निघाली ती विद्यापीठाच्या कचेरींत. त्या विद्यापीठाचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण दोष एकट्या त्याचा नाहीं. अर्ज गेला, स्थलांतराचा दाखला गेला, पात्रतेची फी गेली, आणि कांहीं महिन्यांनीं उत्तर आलें कीं, विषयांचीं नांवें जुळत नाहींत. एका ठिकाणीं ज्याला व्यापारी अर्थशास्त्र म्हणतात त्याला दुसऱ्या ठिकाणीं व्यवसायाचें अर्थशास्त्र म्हणतात, एवढाच काय तो फरक ! आंतील धडे कोणी उघडून पाहिले होते असें त्या उत्तरावरून दिसलें नाहीं. मुलीस पहिल्या वर्षापासून आरंभ करण्याची सवलत मात्र उदार मनानें देण्यांत आली. तिनें पुस्तकें बांधून माळ्यावर टाकलीं. बाप आमच्यासमोर बसून म्हणाला, "वकीलसाहेब, पैसा गेला त्याचें कांहीं नाहीं, पण पोरीचीं दोन वर्षें कोणाच्या खात्यावर जमा झालीं तें मला दाखवा." त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ही खोड ओळखली, आणि जुलै २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे नियम केले. श्रेयांक म्हणजे विद्यार्थी ज्याला क्रेडिट म्हणतात तें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें साधारण ३० तासांच्या अध्ययनाचा एक श्रेयांक, वर्षाचे ४० व तीन वर्षांच्या पदवीचे १२०, असा हिशेब आहे. विद्यार्थ्यानें आपलें खातें उघडावें, शिक्षणसंस्थेनें त्यांत श्रेयांक भरावे, आणि ते सामान्यतः सात वर्षांपर्यंत कोठेंही वटवितां यावे. एका वर्षानंतर शिक्षण सोडावें लागलें तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, मात्र त्यासाठीं उन्हाळ्यांत चार श्रेयांकांचें व्यावसायिक शिक्षण पुरें केलेलें असावें. आणि पुढें सवड झाली म्हणजे परत येण्यास वाट मोकळी. महाराष्ट्रांतील संलग्न कॉलेजांत हें धोरण २०२४-२५ पासून लागू झालें. योजना चांगली आहे हें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों. आमचे पेढीवाले वाचक ती आमच्याहून लवकर समजतील, कारण हुंडी म्हणजे काय हें त्यांस शिकवावें लागत नाहीं.

परंतु हुंडीची किंमत ती कागदावर काय लिहिली आहे यावर नसून समोरची पेढी ती सकारते कीं नाहीं यावर असते. २०२१ च्या नियमांत अशी एक अट आहे कीं, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. वरवर पाहतां अट न्याय्य दिसते. आतां वरील मुलीचा हिशेब मांडा. तिचे दोन वर्षांचे ८० श्रेयांक माहेरीं मिळालेले, उरले ४०. सासरच्या विद्यापीठांत ती फार तर हे ४० मिळविणार, म्हणजे एकंदरीचा तिसरा हिस्सा. निम्मे भरत नाहींत ! तेव्हां अटीचा सरळ अर्थ लावला, तर जी एक वर्ष शिकून गेली तिला दार उघडें, व जी दोन वर्षें शिकून गेली तिला बंद. जितकें अधिक शिकावें तितकें अधिक बुडावें. नियम करणाऱ्यांच्या मनांत हें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण कारकुनापुढें नियमाचा हेतु नसतो, नियमाचीं अक्षरें असतात. आणि तीं अक्षरें बदललीं पाहिजेत. लग्न, बदली, नोकरी, घरांतील कर्त्याचा मृत्यु किंवा आजार अशा कारणानें ज्यास गांव सोडावें लागलें, त्यास शेवटच्या एका वर्षासाठींही दुसऱ्या विद्यापीठांत घेतां यावें. किंवा तें नको असेल तर मूळच्या विद्यापीठानें त्याचें शेवटचें वर्ष सासरच्या गांवच्या कॉलेजांतून पुरें करूं देऊन पदवी आपली द्यावी. दोहोंपैकीं एक वाट मोकळी करा.

यावर उत्तर ठरलेलें आहे : अशानें पदवीची पत जाईल. पत राखावी याविषयीं दुमत नाहीं. पण न्यायाच्या कामांत पुराव्याचा भार कोणावर हा प्रश्न पहिला असतो. विद्यार्थिनीनें परीक्षा दिली. सरकारमान्य विद्यापीठानें ती उत्तीर्ण झाल्याचा दाखला दिला. इतकें झाल्यावर 'ही विद्या आम्हांस चालत नाहीं' असें ज्याचें म्हणणें असेल, त्यानेंच तें सिद्ध केलें पाहिजे. कोणता भाग कमी आहे तें त्यानें लेखी सांगावें, आणि तेवढ्या भागाची परीक्षा घ्यावी. घट वजा धरा, सबंध गाडी शून्य धरूं नका. आणि हा निर्णय महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवण्याची सोय कोणास राहूं नये. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम याच कामासाठीं आहे. अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत न मिळाल्यास त्यांत वर अपील करतां येतें व कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही होतो. श्रेयांक वर्ग करण्याच्या अर्जाचा निकाल ही सेवा त्या कायद्याखालीं स्पष्टपणें नोंदवावी व तीस दिवसांची मुदत घालावी, एवढी आमची मागणी आहे. त्यास नवा कायदा लागत नाहीं, नवी इमारत लागत नाहीं.

येथवर कॉलेजांत शिकलेल्यांचें झालें. जे कॉलेजाबाहेर शिकले त्यांचें काय ? लोणंदच्या पेठेंत दहा-वीस वर्षें खतावणी लिहिणारा मुनीम आहे. औद्योगिक वसाहतींत यंत्राशीं रोज झगडणारा फिटर आहे. मुनिमास जमाखर्चाच्या पहिल्या पुस्तकापाशीं बसविणें ही त्याची व शिक्षकाची दोघांचीही शिक्षा आहे. आमच्याकडे पूर्वीं इतकें कठोर मन नव्हतें. जुन्या मुंबई इलाख्यांत जिल्हा वकिलीची परीक्षा कॉलेजाचें तोंड न पाहतां देतां येत असे. वल्लभभाई पटेल मॅट्रिक झाल्यावर कॉलेजांत गेले नाहींत. पुस्तकें मागून आणून घरीं वाचलीं, १९०० सालीं ती परीक्षा उत्तीर्ण केली, आणि गोध्र्यास वकिली मांडली. बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस ते १९१० सालीं गेले. दहा वर्षें पक्षकारांनीं व न्यायाधीशांनीं त्या घरच्या विद्येचा मान राखला, व त्यानें वकिलीची पत गेल्याचें ऐकिवांत नाहीं. आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर आहों, तेव्हां पदवीची हेटाळणी करण्याचें आम्हांस कारण नाहीं; पण पदवी नसलेल्या माणसाजवळ विद्या असूं शकते हें कबूल करण्यास आम्हांस लाजही वाटत नाहीं.

१९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें तें शिक्षण तुटलेल्यांचा हा धागा पुन्हा जोडण्यासाठींच. आतां श्रेयांक आराखड्यांत पूर्वज्ञानास स्थान आहे, आयोगाच्या २०२५ च्या नियमांतही त्याचा उल्लेख आहे. उल्लेखानें मात्र पोट भरत नाहीं. फिटरनें कोणत्या कॉलेजांत जावें, परीक्षा कोणी घ्यावी, फी किती, वर्षांतून केव्हां, याची जाहीर नोटीस लागल्याखेरीज हा हक्क त्याच्या उपयोगाचा नाहीं. येथें आम्ही एक कडक गोष्टही सांगून ठेवितों. अनुभवाचे दाखले विकणारीं दुकानें या वाटेनें निघतील, आणि आमच्या कांहीं व्यापारी मित्रांना मेहुण्या-भाच्यांस आपल्या दुकानाचे दाखले लिहून देण्याचा मोह होईल. म्हणून दाखल्यावर श्रेयांक देऊं नयेत; समोर बसवून खतावणी लिहून घ्यावी, यंत्र उघडून जोडून घ्यावें, तोंडी प्रश्न विचारावे, आणि मग द्यावे. परीक्षा कडक असावी, दार मात्र बंद नसावें.

बंद दाराचा तोटा कोणास होतो हेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो दोन वर्षें पुन्हा काढील, नाहीं तर एखाद्या खाजगी विद्यापीठाचें दार ठोठावील. मरण आहे तें सुनेचें, हमालाच्या मुलाचें, बदलीवर फिरणाऱ्या शिपायाचें. यांतील बहुतेकांच्या घरांत पदवीपर्यंत जाणारें तें पहिलेंच माणूस असतें.

सरकार व विद्यापीठें हलतील तेव्हां हलोत; लोणंदकरांनीं आपल्या हातचें काम आजच करावें. मुलाचें किंवा मुलीचें श्रेयांक खातें उघडलें आहे काय, आणि दर सत्राच्या निकालानंतर त्यांत श्रेयांक खरोखर भरले गेले काय, हें पासबुक तपासावें तसें तपासावें. ते भरण्याचें काम कॉलेज व विद्यापीठ यांचें आहे, विद्यार्थ्यास स्वतः भरतां येत नाहींत, म्हणून चूक राहिली तर ती लगेच लेखी दाखवावी. लग्न ठरवितांना याद्या होतात, मानपानाचा कीस काढला जातो. त्याच बैठकींत मुलीचें राहिलेलें वर्ष कोठें व कसें पुरें व्हावयाचें हें ठरवून घेण्यास दहा मिनिटें पुरतात. कॉलेज सोडण्यापूर्वीं प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम कॉलेजाच्या शिक्क्यानिशीं मागून घ्यावा, म्हणजे नांवें जुळत नाहींत हें उत्तर ज्यास द्यावयाचें असेल त्याच्यापुढें तो ठेवतां येईल. आणि ज्यांचे अर्ज आजही कोठें अडकून पडले असतील त्यांनीं ते कागद आमच्या कचेरींत आणून दाखवावे. उत्तर आम्ही लिहून देऊं.